इंदूरला एकट्या राहणाऱ्या आई-बाबांना नगर निगमचं ३११ ॲप आणि १८१ हेल्पलाइन खरंच उपयोगी पडतं का?

पडतं, पण वापरायची रीत आहे. तुम्ही पुण्यात, आई-बाबा रामबागेत आणि बाबांना पेन्शन, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तेवढ्यापुरतंच सांगते.

कचऱ्याची काळजी सोडा. गाडी रोज दाराशी येते, गाड्यांवर जीपीएस आहे. फक्त ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असं वेगवेगळं द्यावं लागतं. पुण्याचे पाहुणे आधी हसतात, मग दोन दिवसांत आपणच डबे वेगळे ठेवायला लागतात!

रस्त्यावरचा बंद दिवा, तुंबलेलं ड्रेनेज यांसाठी नगर निगमचं ३११ ॲप. फोटो टाका आणि पत्त्यात घरनंबरावर थांबू नका, जवळचं देऊळ किंवा दुकान लिहा. येणाऱ्या माणसाला तेच कळतं.

खरी गंमत १८१ची, म्हणजे सीएम हेल्पलाइनची. तक्रार आधी खालच्या अधिकाऱ्याकडे जाते, त्याला एल-१ म्हणतात. मुदतीत निकाल लागला नाही की ती आपोआप एल-२, एल-३ करत एल-४ पर्यंत चढते. वर जाऊ नये म्हणून खालीच धावपळ होते, आणि त्यातच आपलं काम होतं. पण तक्रार बंद करण्याआधी तक्रारदाराला विचारतात, समाधान झालं का? इथे आपली जुनी माणसं घात करतात. समोरचा 'बाबूजी, कल हो जाएगा' असं गोड बोलला की भिडेखातर 'हो' म्हणून मोकळी होतात. बाबांना एवढंच पढवा: काम डोळ्यांनी दिसेपर्यंत 'नाही' म्हणायचं. आणि फोन त्यांच्याच मोबाइलवरून होऊ द्या. तुम्ही तिकडून १८१ लावाल तर महिला हेल्पलाइन लागेल, बहुतेक राज्यांत तो नंबर त्यांचाच आहे.

राहिला नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला. त्यासाठी बँकेत रांग लावायला नको. बोटांचे ठसे उमटत नसतील तर जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतो. तेही जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत करून देतो. आधार आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर तेवढा हाताशी ठेवायला सांगा.