स्मरणिकेत मुक्त सॉफ्टवेअरला श्रेय द्यावं लागतं का, आणि कुठे?

तुम्ही वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेची सगळी मांडणी मुक्त सॉफ्टवेअरवर केलीत : पानं लावायला स्क्रायबस, चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप, 'मुक्ता' हा फाँट, लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावरून काढलेला गावाचा नकाशा आणि विकिमीडिया कॉमन्सवरचे काही फोटो. समितीतले काहीजण म्हणतात, 'फुकटचं वापरलं असं दिसेल, जाहिरातदार काय म्हणतील?' म्हणून तुम्ही विचारलंय की कायद्याने श्रेय द्यावंच लागतं का.

काहींना द्यावंच लागतं, काहींना नाही. मी स्वतः अशा स्मरणिका लावतो आणि माझ्या मते सगळ्यांची नावं छापावीत. पण आधी सक्ती कुठे आहे ते बघू.

स्क्रायबस, गिंप, इंकस्केप ही तिन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येतात. हा परवाना सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याला देण्याबद्दल किंवा त्यात बदल करून ते वाटण्याबद्दल बोलतो. त्यावर तुम्ही केलेली पानं तुमची. त्यांच्याबद्दल एक अक्षरही छापलं नाहीत तरी कायदा मोडत नाही.

फोटोंचं तसं नाही, आणि स्मरणिका बहुतेक इथेच चुकतात. 'सौजन्य : इंटरनेट' किंवा 'फोटो : विकिमीडिया' एवढं छापून भागवलं जातं. ते चालत नाही. विकिमीडिया हे फोटो ठेवण्याचं ठिकाण आहे, फोटो कुणीतरी माणसाने काढलेला असतो. प्रत्येक फोटोच्या पानावर छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना दिलेला असतो, बहुधा सीसी बाय-एसए ४.० (क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना : नाव द्या, आणि बदल करून वाटलात तर त्याच परवान्याखाली वाटा) किंवा त्याच घराण्यातला. तुम्हाला छायाचित्रकाराचं नाव (त्याने टोपणनाव दिलं असेल तर तेच), परवान्याचं नाव आणि मूळ पत्ता छापावा लागतो. फोटो कापला, काळा-पांढरा केला, तर तेही सांगावं लागतं. एवढं केलंत तर तो फोटो जाहिराती असलेल्या, विक्रीला ठेवलेल्या अंकातही बिनदिक्कत वापरता येतो. याहून सोपा सौदा मला तरी माहीत नाही.

नकाशाचंही तसंच. ओपनस्ट्रीटमॅपचा विदा (डेटा) २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या विद्याच्या परवान्याखाली आहे आणि त्यात श्रेय ही अट आहे. नकाशाच्या खाली किंवा श्रेयपानावर 'नकाशाचा विदा : ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' आणि त्यांच्या कॉपीराइटच्या पानाचा पत्ता छापा. तुमच्या गावातली देवळामागची बोळ त्या नकाशात असेल, तर ती कुणीतरी हौसेने, आपला वेळ घालून काढलेली आहे.

'मुक्ता' हा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा फाँट, परवाना एसआयएल ओपन फाँट लायसन्स. छापील अंकात किंवा पीडीएफमध्ये फाँट वापरला म्हणून श्रेयाची सक्ती नाही. मात्र अंकाबरोबर पेनड्राइव्हवर फाँटची फाइलच देणार असाल, तर तिच्यासोबत आलेली परवान्याची फाइलही द्यायची. नुसता फाँट स्वतंत्रपणे विकायचा नाही.

आता समितीच्या आक्षेपाकडे येतो. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे श्रेयाची सक्ती का करत नाहीत, यालाही इतिहास आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतून निघालेल्या बीएसडी या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात पूर्वी एक कलम होतं : जाहिरातीत या सॉफ्टवेअरचा उल्लेख केलात तर श्रेयाचं अमुक वाक्य छापा. मग प्रत्येक नवा लेखक आपल्या नावाचं वाक्य घालू लागला. मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९७ च्या नेटबीएसडी या संगणकप्रणालीत अशी ७५ वाक्यं मोजली. जाहिरातीत एवढं कोण छापणार? १९९९ मध्ये विद्यापीठाने ते कलम काढून टाकलं. सक्ती नाही याचा अर्थ त्यांना नावाचं महत्त्व नाही असा घेऊ नका. वापरणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी अट सोडली.

आणि जिथे अट आहे, तिथे न्यायालयही तिला किंमत देतं. अमेरिकेत रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. खेळातल्या आगगाड्या संगणकावरून चालवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर त्यांनी आणि त्यांच्यासारख्या हौशी लोकांनी मिळून लिहिलं. एका कंपनीने त्यातल्या फाइली उचलल्या आणि लेखकांची नावं, कॉपीराइटची नोंद गाळली. २००८ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की अशी अट मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाला काहीच मोबदला नको होता असं धरता येत नाही, असंही म्हटलं. समितीत हे जरूर वाचून दाखवा.

आपल्याकडे तर ही रीत जुनीच आहे. मराठी पुस्तक उघडलं की मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुद्रणस्थळ अशी ओळीने नावं दिसतात. मुद्रकाचं नाव छापणं तर १८६७ च्या कायद्यानेच बंधनकारक केलं होतं. अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव छापताना 'हे किती पैशांचं काम?' असं आपण विचारत नाही. मग ज्यांच्या अक्षरांनी जुळणी झाली त्यांचं नाव का गळावं? विंडोजमधल्या 'मंगल' फाँटवर कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं मराठी टंकलं. तो र. कृ. जोशी यांनी घडवला हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

असंच एक नाव हार्फबझ. स्क्रायबसच्या १.४ मालिकेत देवनागरी लावली की जोडाक्षरं फुटायची, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. पुढच्या मालिकेत हार्फबझ हे अक्षररचनेचं इंजिन आलं आणि 'स्त्री', 'क्ष्म', 'र्‍या' नीट उमटू लागले. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, अँड्रॉइड या सगळ्यांत तेच काम करतं. तुमची स्मरणिका वाचता येते त्यात त्याचा वाटा आहे, म्हणून मी ते नावही घालतो.

श्रेयपानावर अक्षरजुळणीच्या ओळीखाली, त्याच टाइपात, साधारण असं छापा :

'मांडणी : स्क्रायबस १.६ (अक्षररचना हार्फबझ). चित्रसंस्करण : गिंप, इंकस्केप. अक्षर : मुक्ता, एक टाइप, मुंबई. नकाशाचा विदा : ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते, ओडीबीएल. छायाचित्रांचे श्रेय त्या त्या छायाचित्राखाली.'

आवृत्तीचा आकडा मुद्दाम घाला. दुसऱ्या गावचं वाचनालय तुमचा अंक बघून हेच करायला बसेल, तेव्हा त्याला तो उपयोगी पडतो. बोधचिन्हं मात्र छापू नका. त्यांना ट्रेडमार्कचे वेगळे नियम असतात, शिवाय ती संस्था तुमच्या अंकाची प्रायोजक आहे असा समज होतो. 'मोफत उपलब्ध करून दिल्याबद्दल आभार' असंही नको. मुद्रकाचं नाव जसं सरळ छापता, तसंच हेही.

फोटोखाली जागा नसेल तर शेवटच्या पानावर पृष्ठांकानुसार यादी द्या, ते परवान्याला चालतं. ती यादी आत्ताच करायला घ्या. पानं छापखान्यात गेल्यावर कुठला फोटो कुणाचा हे शोधत बसणं फार जिकिरीचं होतं.