धुतल्यावर कडक झालेला मेंढीच्या कातड्याचा गालिचा

प्रश्न : मेंढीच्या कातड्याचा गालिचा घरी धुतला. लोकरीचा गुंता झाला, मागची बाजू कडक झाली. पुन्हा मऊ होईल का?

उत्तर : तुरटीने कमावलेलं कातडं असेल तर कठीण; तुरटी पाण्याबरोबर निघून जाते आणि कातडं वाळून पापड होतं. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असेल तर आशा आहे. मागची बाजू ओल्या फडक्याने दमट करा, लॅनोलिनचं (लोकरीतल्या मेणाचं) मलम चोळा, चहूबाजूंनी हलकेच ताणून सावलीत वाळवा. अर्धवट वाळल्यावर पुन्हा ताणा. लोक नेमकं हेच टाळतात. कोरडी लोकर तारेच्या ब्रशने टोकांपासून सुरुवात करून विंचरा. नमद्यासारखी घट्ट बसली असेल तर सुटणार नाही. पुढच्या वेळी पाणी ३० अंशांपर्यंतच आणि लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण. एन्झाइमवाली धुण्याची पावडर लोकरीतलं प्रथिनच खाते. ड्रायर तर नकोच.