युरोपात 8 दिवस फक्त खाणं, वाईन आणि निवांत फिरणं करायचं तर कुठे जावं? आम्ही दोघंच आहोत, पॅरिस-स्वित्झर्लंड-रोमवाली धावपळीची टूर नको. वाईनमधलं काही कळत नाही.

तुम्ही दोघंच आहात आणि पॅरिस-स्वित्झर्लंड-रोमवाली 'आठ दिवसात पाच देश' टूर नकोय असं लिहिलंय, म्हणून बेधडक सांगतो, पोर्तुगालला जा. त्यातही पोर्तो या शहराला. लिस्बनला दोन-तीन रात्री पुरे, बाकी सगळे दिवस पोर्तो आणि दोरो नदीचं खोरं. आम्ही दोघं सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो, तेव्हा तिकडे द्राक्षांची तोडणी चालू असते. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, खोऱ्यात पारा चाळीसला टेकतो, मग विदर्भ काय वाईट होता असं वाटेल.

आधी वाईनचं सांगतो कारण तुम्ही त्यालाच घाबरलाय. मला पण घंटा काही कळत नव्हतं. पोर्ट वाईन म्हणजे गोव्याहून येताना लोक आणतात ती गोड स्वस्त बाटली, एवढंच माझं ज्ञान. खरी पोर्ट या दोरोच्या खोऱ्यातच होते, तिथली हद्द 1756 सालीच आखून ठेवलीय. द्राक्षाचा रस आंबत असताना मधेच त्यात सुमारे 77 टक्क्यांची द्राक्षाचीच दारू ओततात, त्यामुळे यीस्ट मरतं आणि साखर तशीच उरते, म्हणून ती गोड पण असते आणि 19 ते 22 टक्के कडक पण. हा आकडा लक्षात ठेवा. साधी वाईन 12-14 ची असते. मी लक्षात ठेवला नव्हता, सरबतासारखी लागते म्हणून उपाशीपोटी ओळीने तीन ठिकाणी चाखत गेलो आणि मग वर पुलापर्यंत चढताना बायकोने मला अक्षरशः ढकलत नेलं.

चाखायची ठिकाणं पोर्तोत नाहीत, नदीच्या पलीकडे गाया म्हणून गाव आहे तिथे आहेत. पूर्वी पिंपं वरच्या खोऱ्यातून होड्यांनी इथे उतरायची, कारण समुद्र जवळ, हवा गार, वाईन हळूहळू मुरते. दिवसाला एकच तळघर बघा, जेवून जा, आणि तिथे 'रुबी' आणि 'टॉनी' शेजारी शेजारी मागा. रुबी मोठ्या टाक्यांत ठेवलेली, लालभडक, जांभळं-करवंदं खाल्ल्यासारखी. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरलेली, तिचा रंग उडून तपकिरी होतो आणि चव खारीक-अक्रोडाकडे जाते. 10 वर्षांची आणि 20 वर्षांची टॉनी एकापाठोपाठ घेतलीत की तुम्हाला वाईनमधलं कळायला लागलं समजा, कोर्स-बिर्स लागत नाही. आणि दुपारच्या जेवणाबरोबर विन्यो व्हेर्द घ्या, शब्दशः हिरवी वाईन, पण रंग हिरवा नसतो, हिरवी म्हणजे कोवळी. हलकी, जराशी चुरचुरीत, माशाबरोबर झकास.

खाण्याचं तर काय सांगू, मेन्यू वाचताना अर्धं मराठीच वाटतं. पाव म्हणजे पाव, बटाटा म्हणजे बटाटा, कोबीला कोव्ह, अननसाला अननस. आपण त्यांच्याकडूनच उचललेले शब्द ना. बाकाल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, हा त्यांचा जीव की प्राण. आधी पाण्यात भिजत घालून मीठ काढतात, मग अंडी-बटाट्यात परततात नाहीतर क्रीममध्ये भाजतात. बायको मालवणची, पहिल्या घासाला म्हणाली, "ह्यो तर आमचो खारो, फक्त मोठो!" पोर्तोची खासियत मात्र वजडी. होय, आपली वजडीच, पांढऱ्या घेवड्याबरोबर शिजवलेली, इतकी की पोर्तोच्या लोकांना बाकीचे 'वजडीखाऊ' म्हणूनच चिडवतात. मसाला कमी आहे पण मला आवडली, बायकोने बघितलं सुद्धा नाही. फ्रांसेझिन्या म्हणून तीन-चार प्रकारचं मांस कोंबलेलं, वरून चीज आणि बिअरचा रस्सा घातलेलं सँडविच मिळतं, ते दोघांत एक घ्या, नंतर झोपच लागते. शाकाहारी असाल तर खरं सांगतो, जरा हाल आहेत. पालेभाजीचं बटाटा घातलेलं सूप सगळीकडे असतं पण त्यातही सॉसेजची चकती टाकतात, आधी विचारा.

अजून एक, बसल्याबसल्या वेटर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतो. आपल्याकडे कांदा-लिंबू ठेवतात तसं फुकट असेल म्हणून आम्ही सगळं चाटूनपुसून खाल्लं, बिलात आलं. नको असेल तर परत पाठवा, कुणी वाईट वाटून घेत नाही. आणि 'मेया दोज' म्हणजे हाफ प्लेट मागा, एकाला भरपूर होते.

बघण्यासारखं म्हणाल तर पोर्तोचं साओ बेंतो स्टेशन, निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर लढाया आणि राजेराण्या चितारल्यात, 20 हजार टाइल्स आहेत म्हणे, आणि तिथूनच लोक रोज ऑफिसला जातात! पोर्तो आणि गायाला जोडणारा दोन मजली लोखंडी पूल 1886 चा आहे, वरून मेट्रो आणि माणसं, खालून रस्ता. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून चाला.

पण एक पूर्ण दिवस पोर्तोहून दोरोच्या खोऱ्यातल्या पिन्याव गावाला जाणाऱ्या ट्रेनला द्याच. अडीच तास लागतात. जाताना उजवीकडची खिडकी पकडा, पहिला तास काही विशेष नाही, मग एकदम नदी खिडकीला येऊन चिकटते आणि समोर डोंगर पायापासून डोक्यापर्यंत द्राक्षांच्या पायऱ्यांनी कोरलेले. गाडी भाड्याने घेऊ नका, रस्ता वळणावळणाचा आणि तुम्ही वाईन प्यायला निघालात, उगाच कशाला.

लिस्बनमध्ये ट्राम 28 ला पाकीट सांभाळा. बेलेंला मठात वास्को द गामाची कबर आहे, ती बघून शेजारी 1837 पासूनचं दुकान आहे तिथे पाश्तेल दे नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट खा, गरमगरम, वर दालचिनी भुरभुरवून. रांग मोठी दिसते पण ती पार्सलची असते, आत जाऊन बसा.

येताना माणशी दोन लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते. टॉनीच आणा, उघडल्यावर महिना-दीड महिना टिकते, व्हिंटेज, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांची बाटलीत मुरलेली पोर्ट, दोन दिवसांत संपवावी लागते. आमची टॉनी सासरेबुवांनी औषधासारखी रोज झाकणभर घेत दिवाळीपर्यंत पुरवली.