फोटो लॅबचं पाणी आणि पेरॉक्साइड

प्रश्न: सर, शाहूपुरीत आमची जुनी फोटो लॅब होती, आता धाकटा भाऊ परत ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायला लागलाय. वापरलेला डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) आणि फिक्सर (ते पक्कं करणारं) एकाच कॅनमध्ये साठवतोय. मित्र म्हणतो पेरॉक्साइड नायतर ब्लिचिंग पावडर टाक आणि गटारीत सोड, काय होत नाही. खरंच चालतंय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही चालत ओ, आणि ब्लिचिंग पावडर तर लांबच ठेवा. रॅपिड फिक्सरमध्ये अमोनियम थायोसल्फेट असतं, त्यात ब्लिचिंग पावडरमधला क्लोरीन गेला की क्लोरामाइनचा विषारी वायू सुटू शकतो, बंद डार्करूममध्ये तर बघायलाच नको.

पेरॉक्साइडची आयडिया मुळात चुकीची नाही. डेव्हलपरमधल्या हायड्रोक्विनोन, मेटॉलसारख्या सेंद्रिय पदार्थांसाठी फेंटन प्रक्रिया वापरतात, म्हणजे पेरॉक्साइडसोबत हिराकस (फेरस सल्फेट), पीएच ३ च्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच आम्लधर्मी करून, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार जहाल कण तयार होतात आणि ते या पदार्थांचा सांगाडा, म्हणजे बेंझिनची रिंगच फोडतात. पेरॉक्साइड आणि लोखंडाच्या क्षाराची ही जोडी टार्टारिक ॲसिडवर कशी चालते ते फेंटन या रसायनशास्त्रज्ञानं १८९४ सालीच दाखवलं होतं, रॅडिकलचा उलगडा मात्र नंतर झाला. पण गंमत अशी की हायड्रोक्विनोनचं आधी क्विनोन होतं, आणि ते मूळ मालापेक्षा जास्त विषारी, म्हणजे पेरॉक्साइड कमी पडलं आणि काम अर्धवट राहिलं तर तुम्ही पाणी आणखी बिघडवून सोडलं. बरं, जास्त ओतावं तर उरलेलं पेरॉक्साइड सीओडीच्या टेस्टमध्ये (पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) आकडा फुगवतंय. शेवटी चुन्यानं पीएच वर आणला की लोखंडाचा तपकिरी गाळ बसतो, तोपण कुठंतरी द्यायलाच लागतो.

खरी गोची तुमच्या त्या एका कॅनची आहे. फिक्सरमधलं थायोसल्फेट पेरॉक्साइड आधीच खाऊन टाकतं, डेव्हलपरच्या वाट्याला काय उरत नाही, आणि पीएच ३ करायला ॲसिड घातलं की गंधक खाली बसून सल्फर डायऑक्साइडचा झणका येतो. म्हणून भावाला सांगा, आजपासून दोन कॅन. फिक्सरमध्ये चांदी असते, ती स्टील वूलवर उतरवता येते, बघा चांदीकामाचं हुपरी किती जवळ आहे.

नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, वापरलेल्या डेव्हलपरचा आकडा हजारांत जातो, आणि आपल्या गटारी शेवटी पंचगंगेलाच मिळतात. घरच्या घरी फेंटन करत बसू नका, रिॲक्शन तापते आणि फेसाळून उतू येते. दोन्ही कॅनवर लेबल लावा, आणि घातक कचरा कुणाकडं द्यायचा ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात विचारून घ्या.