फर्स्ट इयरला आलेल्यांनो, फोनबद्दल थोडं

इन्स्टाग्राम उडवून टाक, असं मी सांगणार नाही. फेस्टच्या घोषणा, क्लबच्या निवडी, नव्या ओळखी सगळं तिथेच चालतं. बाहेर राहिलास तर एकटा पडशील. पण वेळ मात्र बांधून घे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी रोज फक्त १० मिनिटं वापरायला सांगितलं. तीन आठवड्यांनी त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झालेली दिसली. पूर्ण बंद नाही, नुसतं कमी केलं होतं, हे लक्षात घे.

सगळ्यात आधी रात्र सांभाळ. गादीवर पडून अकराला 'एकच रील' म्हणून सुरू केलेलं दीडला थांबतं, आणि सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला डोळे उघडत नाहीत. चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लाव. गजराचं साधं घड्याळ आण. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या सूचना चालू ठेव, बाकीच्या बंद.

सबमिशनच्या आठवड्यात लिंक्डइनवर कुणाच्या तरी इंटर्नशिपची पोस्ट दिसेल आणि आपण मागे पडलो असं वाटेल. केटी लागल्याची, म्हणजे विषय राहिल्याची, पोस्ट कुणी टाकत नाही रे! त्या दिवशी सरळ मेसमध्ये जाऊन चार जणांत बस.

एवढं करूनही झोप, जेवण बिघडलेलंच राहिलं तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट, किंवा सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.