स्कॉटलंडला येऊन डोंगरवाटांची पुस्तकं लिहायची असतील तर

तू लिहिलंयस की घर रामबागेत, नोकरी इंदूरच्या एका हिंदी दैनिकात रिपोर्टरची, सुट्टी मिळाली की इंदूरजवळच्या पाताळपाणी, चोरल, जानापावची भटकंती. आता स्कॉटलंडला पत्रकारितेत एमए करायचं आणि मग इथेच राहून ट्रेकिंगची गाइडबुकं लिहायची. जमेल का, असा तुझा प्रश्न. जमेल, पण पोट पत्रकारितेवर भरावं लागेल. पुस्तक त्याच्या जोडीनं चालतं. मी इंदूरच्याच लोकमान्य नगरची, आता स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसला असते, काम हेच दोन्ही करते, म्हणून सविस्तर सांगते.

आधी व्हिसाचं बघ, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, स्वतंत्र व्यवसाय मात्र करता येत नाही, आणि फ्रीलान्स लेखन त्यातच मोडतं. इथे बसून इंदूरच्या पेपरला मानधनावर लिहायचा विचार असेल तर तोही सोड. कोर्स झाला की ग्रॅज्युएट व्हिसावर ही मोकळीक मिळते. तो २०२६ अखेरपर्यंतच्या अर्जांना २ वर्षांचा, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिनेच. तू १८च धरून चाल. त्यानंतर राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे स्पॉन्सर करणारा मालक हवा आणि पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पाउंडांची. नव्यानं कामाला लागणाऱ्यांना थोडी सवलत आहे, तरी स्थानिक पेपरात नवख्या रिपोर्टरला एवढं क्वचितच मिळतं. म्हणून नुसत्या बातमीदारीवर विसंबू नकोस. डेटा, व्हिडिओ, संपादन यातलं एक तरी कौशल्य पक्कं करून ये.

आता पुस्तकाचं. प्रकाशक रॉयल्टी देतो ती बहुतेक वेळा छापील किमतीवर नसते, त्याच्या हाती पडणाऱ्या रकमेवर असते. करार वाचताना हे वाक्य शोधायचंच. पेट्रोल, मुक्काम, पावसात वाया गेलेले दिवस सगळे आपल्या खिशातून. डोंगरवाटांची गाइडबुकं लिहिणाऱ्या आल्फ्रेड वेनराइटचं उदाहरण घे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या २१४ डोंगरांवर त्यानं १९५५ ते १९६६ या काळात हातानं लिहून, रेखाटून सात खंड काढले. त्या सगळ्या काळात तो केंडल नगरपालिकेच्या खजिनदाराची नोकरी करत होता. एवढं नाव झालेल्या माणसानंही पगार सोडला नव्हता. एक चांगली सोय इथे आहे: वाचनालयातून पुस्तक वाचायला गेलं की लेखकाला त्याचे पैसे मिळतात, पब्लिक लेंडिंग राइटखाली. पुस्तक आलं की नाव लगेच नोंदव.

तुझं बातमीदारीचं वळण इथे फार कामाला येईल. गाइडबुकातलं प्रत्येक वाक्य हे तपासलेली बातमी असतं. ‘थोडं पुढे गेल्यावर ओढा लागतो’ असं लिहून चालत नाही. कुंपणाचं फाटक ओलांडून दगडी भिंत उजव्या हाताला ठेवायची, ४०० मीटरवर ओढा, त्यावर पूल नाही, पाऊस झाला असेल तर इथूनच परत फिरायचं, असं लिहावं लागतं. वेळेचा अंदाज द्यायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथचा १८९२ सालचा नियम अजून वापरतात: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. शिवाय स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं खासगी जमिनीवरूनही जबाबदारीनं चालायचा हक्क दिलाय, घराचं आवार आणि उभं पीक सोडून. त्यामुळे वाट कुठून न्यायची हे लेखकालाच ठरवावं लागतं, आणि तू लिहिलेल्या ओळीवरून शेकडो माणसं एखाद्याच्या मेंढ्यांच्या कुरणातून जातात. मेंढपाळाशी आधी बोलून ये. मला या कामात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

निघायच्या आधी एक कर. जानापावची चढण पायथ्यापासून माथ्यापर्यंत अशीच लिहून काढ. चंबळ जिथून निघते ती जागा, पावसाळ्यात पाय घसरतो ते टप्पे, उन्हाळ्यात पाणी कुठपर्यंत टिकतं, सगळं. मग डोंगर न पाहिलेल्या कुणाच्या हाती तो कागद दे, आणि स्वतः मागे गप्प चाल. तो जिथे अडेल तिथलं वाक्य बदल. असे पाच-सहा मार्ग इंग्रजीत तयार असले तर प्रकाशकाला दाखवायला नमुना होतो. मागे विंध्यात कुणी फिरलंय याचं इथल्या संपादकांना खरोखर कुतूहल असतं.

आणि पहिल्या हिवाळ्यात एकटी वर जाऊ नकोस. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेसहा तासांचा, वारा असा की उभं राहवत नाही. एव्हिमोरजवळच्या ग्लेनमोर लॉजमध्ये बर्फात चालायचं, बर्फातली कुऱ्हाड (आइस अ‍ॅक्स) वापरायचं प्रशिक्षण देतात, त्याचे पैसे आत्तापासून बाजूला काढ. बूट इंदूरहून आणू नकोस, इथे पायात घालून बघून घे. विद्यापीठाचं पत्र आलं की व्हिसाचा अर्ज भरण्याआधी मला पाठव, कोर्स कधी संपतो ते बघून पुढच्या महिन्यांचा हिशेब मांडू.