गुडघेदुखीच्या चूर्णात इंग्रजी औषध मिसळलंय का, हे टीएलसीवर कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहात. गिरगावातल्या आत्या गुडघेदुखीसाठी कुणाकडून तरी पुडीतलं चूर्ण आणतात, दोन-तीन दिवसांतच गुडघा मोकळा झाला, म्हणून शंका आली की त्यात वेदनाशामक किंवा स्टेरॉइड असावं. कॉलेजच्या लॅबमध्ये टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी: सिलिकाच्या पातळ थराच्या प्लेटवर नमुन्याचे ठिपके देऊन द्रावण वर चढू द्यायचं, घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात) करून हे कळेल का?

वेदनाशामक असेल तर बहुधा कळेल. स्टेरॉइडसाठी आधी कागदावर हिशेब करावा लागतो, आणि बहुतेक जण तो न करताच प्लेट रन करतात.

पुडी ५ ग्रॅमची धरा. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा डोस ५० मिग्रॅ, म्हणजे चूर्णात १ टक्का. १ ग्रॅम चूर्ण १० मिली मेथॅनॉलमध्ये हलवून गाळलं तर द्रावणात मिलीला १ मिग्रॅ येतं, आणि ५ मायक्रोलिटरच्या स्पॉटमध्ये ५ मायक्रोग्रॅम. यूव्हीखाली हा ठिपका सहज दिसेल. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी मात्र ०.५ मिग्रॅची असते. तीच पद्धत वापरली तर त्याच स्पॉटमध्ये ०.०५ मायक्रोग्रॅम पडतं, शंभर पटींनी कमी. झाडपाल्याच्या पट्ट्यांच्या गर्दीत ते दिसत नाही, आणि आपण खुशाल ‘स्टेरॉइड नाही’ असं लिहून मोकळे होतो.

म्हणून स्टेरॉइडसाठी चिमूटभर नको, अख्खी पुडी घ्या. आधी २५ मिली हेक्सेनमध्ये १० मिनिटं हलवा, गाळा, हेक्सेन टाकून द्या. तेलं आणि गुग्गुळाच्या राळेचा बराच भाग त्यात निघून जातो. स्टेरॉइड हेक्सेनमध्ये जवळपास विरघळत नाही, ते चोथ्यातच राहतं. चोथा वाळवून २५ मिली इथिल अ‍ॅसिटेटमध्ये १५ मिनिटं हलवा, असं दोनदा. दोन्ही गाळणं एकत्र करून फ्यूम हूडमध्ये वॉटर बाथवर आटवा. खाली चिकट थर उरेल, तो ०.५ मिली मेथॅनॉलमध्ये घ्या. पुडीत ०.५ मिग्रॅ असेल तर आता द्रावणात मिलीला १ मिग्रॅपर्यंत येतं. निम्मं वाटेत हरवलं तरी ठिपका दिसण्याइतकं उरतं. इथिल अ‍ॅसिटेट ऐवजी मेथॅनॉलनेच काढलं तर साखर आणि टॅनिनही येतात, आणि स्पॉटऐवजी तळापासून वरपर्यंत तपकिरी शेपूट मिळतं.

प्लेट सिलिका जेल ६० एफ२५४, अ‍ॅल्युमिनियमवरची घ्या. कात्रीने कापता येते. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला मिळते, पण खोका कधीचा फोडलेला आहे ते विचारून घ्या. १० बाय १० सेंमीचा तुकडा कापा. खालून १ सेंमीवर शिसपेन्सिलीने हलकी रेघ मारा. पेन चालत नाही, शाई मोबाइल फेजबरोबर (प्लेटवर चढणाऱ्या द्रावणाबरोबर) वर धावते. दोन्ही कडांपासून दीड सेंमी सोडून एकेक सेंमीवर आठ जागा मिळतात. स्टेरॉइडच्या प्लेटवर मी त्या अशा वापरेन: प्रेडनिसोलोन (हेही स्टेरॉइडच), डेक्सामेथासोन, नमुना, नमुन्यावरच डेक्सामेथासोन, नमुन्यावरच प्रेडनिसोलोन, कोरं (औषध नसलेलं) चूर्ण, मुद्दाम भेसळ केलेलं कोरं चूर्ण, आणि शेवटी पुन्हा नमुना.

यातलं भेसळ केलेलं चूर्ण कुणी करत नाही, आणि खरा आधार तोच असतो. काष्ठौषधींच्या दुकानातून सुंठ, अश्वगंधा, गुग्गुळ असं साधारण तसंच मिश्रण आणा. त्याच्या ५ ग्रॅममध्ये ०.५ मिग्रॅची एक डेक्सामेथासोन गोळी खलून टाका आणि वरच्या सगळ्या पायऱ्यांतून काढा. तुमच्या प्लेटवर हा ठिपका दिसला, आणि नमुन्यात त्या उंचीवर काही नसलं, तरच ‘आढळलं नाही’ या शब्दांना वजन येतं. इथेही दिसला नाही तर पद्धतच आंधळी आहे.

स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं माहीत असलेलं औषध, शुद्ध पावडरचं मिळालं तर उत्तम. नसेल तर लॅबच्या साठ्यातल्या गोळ्या वापरा: ०.५ मिग्रॅच्या चार गोळ्या खलून २ मिली मेथॅनॉलमध्ये, हलवून गाळून. स्टार्च, लॅक्टोज मागे राहतात. ही औषधं चिठ्ठीवरची आहेत, तेव्हा शिक्षकांना मध्ये घ्याच.

स्पॉट लावताना घाई झाली की प्लेट गेलीच म्हणा. ५ मायक्रोलिटर एकदम सोडू नका. एकेक मायक्रोलिटर, मध्ये गार हवेचा झोत. ठिपका ३ मिमीच्या आत ठेवा, किंवा ५-६ मिमीची बारीक आडवी रेघ ओढा. फुगलेला ठिपका वर जाऊन आणखी पसरतो आणि शेजाऱ्याला जाऊन मिळतो.

मोबाइल फेज: स्टेरॉइडसाठी क्लोरोफॉर्म ९, मेथॅनॉल १. वेदनाशामकांसाठी दुसरी प्लेट, टोल्युइन ६०, इथिल अ‍ॅसिटेट ४०, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड १. ते थेंबभर अ‍ॅसिड विसरलात तर डायक्लोफेनॅक शेपटासारखं ओढलं जातं. या प्लेटवर पॅरासिटामॉल डायक्लोफेनॅकच्या बरंच खाली थांबतं. चेंबरच्या आतून फिल्टर पेपर लावा, द्रावण ५ मिमी उंचीचं ठेवा, झाकण लावून २०-३० मिनिटं थांबा, मगच प्लेट सोडा. चेंबर संपृक्त नसेल तर कडेचे स्पॉट मधल्यांपेक्षा वर जातात. ८ सेंमी चढलं की काढा आणि लगेच सॉल्व्हंट फ्रंटची, म्हणजे द्रावण जिथवर चढलं तिथली, रेघ मारा. तेच द्रावण दुसऱ्या दिवशी वापरू नका. त्यातलं हलकं आधी उडतं आणि प्रमाण बदलतं.

आता मुंबईचा त्रास. पावसाळ्यात सिलिका काही मिनिटांत हवेतली ओल शोषते, तिची पकड सैल होते आणि सगळेच स्पॉट नेहमीपेक्षा वर जातात. प्लेट ११० अंशांवर अर्धा तास तापवून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा आणि लगेच वापरा. पण तेवढं करूनही पुस्तकातल्या आरएफशी (ठिपका चढला ते अंतर भागिले द्रावण चढलं ते अंतर) ताडून पाहू नका. तुलना करायची ती त्याच प्लेटवरच्या स्टँडर्डशी.

प्लेट पूर्ण वाळू द्या. टोल्युइन मागे राहिलं तर २५४ नॅनोमीटरखाली सगळी प्लेटच काळपट दिसते. वाळलेल्या प्लेटवर हिरव्या पार्श्वभूमीत औषधांचे गडद ठिपके दिसतील; पेन्सिलीने त्यांना घेरून ठेवा. मग ३६६ ला बघा. डेक्सामेथासोन आणि पॅरासिटामॉल तिथे चमकत नाहीत. त्याच उंचीवर निळं-पिवळं चमकणारं काही असेल तर ते बहुधा वनस्पतीचं. यूव्हीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका.

नमुन्यावरच स्टँडर्ड टाकलेल्या जागेत एकच गोल ठिपका आला तर जुळणी पक्की होत जाते. इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा किंवा लांबट आला तर दोन वेगळे पदार्थ आहेत. शेवटी अल्कलाइन ब्लू टेट्राझोलियम फवारा, या स्टेरॉइडना जांभळट-निळा रंग येतो. साखरही हा रंग देते, पण या मोबाइल फेजमध्ये ती तळाशीच बसून राहते.

हे सगळं जुळलं तरी एका प्लेटवर निकाल देऊ नका. मोबाइल फेज बदलून पुन्हा पाहा. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन तर बहुतेक वेळा वेगळे होतच नाहीत, फरक फक्त १६ व्या कार्बनवरच्या मिथिलच्या दिशेचा आहे. ‘डेक्सामेथासोनसारखा ठिपका’ एवढंच लिहा आणि पुढचं एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमीटर या जास्त नेमक्या यंत्रांवर सोडा. पुड्या हातानेच कालवलेल्या असल्याने प्रत्येकीत सारखं औषध असेलच असं नाही, तेव्हा निदान तीन पुड्या वेगवेगळ्या तपासा.

आयुर्वेदिक फार्माकोपियात टीएलसी असते ती ‘जे असायला हवं ते आहे का’ हे पाहायला. तुम्ही ‘जे नको ते आहे का’ हे विचारताय, म्हणून तिथली पद्धत जशीच्या तशी उचलू नका.

आणि ठिपका जुळलाच, तर आत्यांना ‘आजपासून बंद’ असं फोनवर सांगू नका. बरेच आठवडे स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. अचानक बंद केलं की रक्तदाब पडू शकतो, माणूस गळून जातो. किती दिवसांपासून घेतायत ते विचारून त्यांना आधी डॉक्टरकडे न्या, डोस कमी करत आणायचा की कसं ते डॉक्टर ठरवतील. सगळ्या पुड्या लॅबमध्ये संपवू नका. दोन-तीन न फोडता, बिल किंवा पुडीवरच्या शिक्क्यासकट ठेवा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची झाली तर त्याच लागतील.